गायदऱ्याची करटुली

करटुलीची बाग साधली असती, तर सोमनाथच्या पदरात सगळ्यात आधी सकाळची झोप पडणार होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराच्या हाताखाली तो बारा वर्षं भल्या पहाटे उठत आला होता. खोलीत सहा जण. आपला तांब्या ओळखू यावा म्हणून त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं आणि रविवारी जेवण उतरायच्या आत निघायचं. त्यातून सुटका होणार होती. शिवाय सासुरवाडीला मान वाढणार होता. जावई काय करतो म्हटल्यावर सासऱ्याला आता घसा न खाकरता ‘बागायत’ असं सांगता आलं असतं. आणि चुलता पुंजा टपरीवर बसून दर शनिवारी ‘आले का पाहुणे’ असं जे विचारायचा, ते बंद झालं असतं. पैसा मिळणार होता तो वेगळा. पैशाबद्दल सोमनाथ मोठ्यानं बोलायचा. पण माणूस ज्याबद्दल मोठ्यानं बोलतो, तेच त्याला सगळ्यात जास्त हवं असतं असं नाही.

त्याच्या बायकोला, उज्वलाला, या व्यवहारात नवरा मिळणार होता. हा हिशोब तिनं कोणाला बोलून दाखवला नव्हता.

होळीला तो आला तो काम सोडून, पत्र्याची पेटी घेऊनच. गेल्या श्रावणात वणीकडे यादव नावाच्या एका बागायतदाराच्या शेतात त्यानं तारेवर चढवलेली करटुली पाहिली होती. करवंदीच्या काट्यात हात घालून, कोपरापर्यंत ओरखडून काढायची वस्तू, ती तिथं छातीइतक्या उंचीवर रांगेनं लोंबत होती, आणि माणसं उभ्या-उभ्या तोडत होती.

“यादव कंद इकत आणतो,” सोमनाथ जेवताना सांगत होता. “आपल्या गायदऱ्यात फुकट पडलेत. आपोआप येत्यात, आपोआप मरत्यात. कोणी लावलेत का?”

“लावले नसतील,” त्याची आई यशोदाबाई म्हणाली. “राखलेत.”

गायदरा म्हणजे गावामागचा उतार. इगतपुरीचा पाऊस सगळीकडं तुंबतो, तिथं तुंबत नाही. मुरमाड जमीन, करवंदीच्या जाळ्या. करटुलीला एवढंच लागतं: पाय कोरडे आणि चढायला काटा. मृग झाला की कंदाला कोंब येतो, आषाढात वेल जाळीवर पसरते, श्रावणभर फळं येतात. कार्तिकात वेल वाळून दोरा होते आणि कंद मातीखाली झोपतो. मग उन्हाळ्यात कोणी तिथून शंभरदा गेलं तरी खाली काय आहे ते कळत नाही.

उतार कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हता. जाळ्या मात्र वाटलेल्या होत्या, आणि त्या बायकांच्या होत्या. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात सासू सुनेला घेऊन जायची आणि दाखवायची: ही आपली, ती सिंधूची, तिकडं हात घालायचा नाय. फळ नखानं देठाशी तोडायचं, वेल ओढायची नाही. दोन-चार फळं वेलीवर पिकू द्यायची, पाखरांना. कंदाला हात लावायचा नाही. लावायचाच तर वांझ वेलीच्या. जिला फुलं येतात पण फळ कधी धरत नाही, ती वांझ करटुली; मूळव्याधीला तिचा कंद उगाळून द्यायचा. पुरुषांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांची आणि करटुलीची गाठ ताटात पडायची, तेलावर परतलेली, नागलीच्या भाकरीशेजारी.

यशोदाबाईचे गुडघे गेले होते, त्यामुळं आता डोंगर उज्वला चढायची. श्रावणातली करटुली घोटीच्या बाजारात मटणाच्या भावाला भिडतात. आश्रमशाळेत असलेल्या लेकीच्या, राखीच्या, चपला, वह्या, डोक्याचं तेल, सगळं त्या एका जाळीतून निघायचं.

“मी कुठं नाय म्हणते,” यशोदाबाई शेवटी म्हणाली. पोरगा घरी राहतोय म्हटल्यावर तिचा आवाज मऊ झाला होता. “आपल्या जाळीतलं काढा. आपलं ते आपलं.”

वैशाखातला मुरूम. पहार आपटली की दगडाला ठिणगी उडायची. उज्वला जागा दाखवायची, सोमनाथ खणायचा. वाळक्या वेलीचा तुकडा करवंदीला लटकलेला असला तर सोपं. नसला तर पावसाळ्यात आपला पाय कुठल्या दगडावर असायचा, कंबर किती वाकायची, हे ती अंगानं आठवून सांगायची आणि कंद तिथंच निघायचा. रताळ्यासारखा, मातकट, जड.

दुपारी सोमनाथनं पोत्यात डोकावून पाहिलं. “एवढ्यात दोन तारा पण भरायच्या नायत.” मग वारा किती सुटलाय असं विचारावं तसं त्यानं विचारलं, “सिंधूकाकीची जाळी ती ना?”

उज्वलानं पोत्याचं तोंड मुडपलं.

“आख्खी नेतो का मी? दोन-चार.”

“इचारावं लागंल त्यांना.”

“इचारलं तर देतील?”

“नाय.”

“मंग कशाला इचारायचं?” तो हसला. हसला की त्याच्या गालाला खळी पडे, आणि बारा वर्षं ती खळी घरात फक्त शनिवार-रविवारी असे. “तू काय सांगू नको. तुझ्यावर बोल यायला नको. मी आपला मारतो पहार. लागलं तर लागलं.”

त्यानं भलतीकडंच खणायला घेतलं. दोन-तीन खड्डे रिकामे गेले. शर्ट पाठीला चिकटला, तळहाताला फोड आला, तो फुटला. इतके श्रावण शेजारी-शेजारी वाकून काढल्यावर दुसरीच्या जाळीत फळ कुठं लागतं ते उज्वलाला दिसलेलं होतंच. तिनं बोट दाखवलं नाही. कंद होता तिकडं फक्त एकदा पाहिलं. बघण्याला साक्षीदार नसतो. सोमनाथनं पहार उचलली आणि तिची नजर जिथं टेकली होती तिथं मारली.

पुढचं काम भराभर उरकलं. सिंधुबाईची जाळी, सुमनबाईची, तिच्यापुढच्या दोघी-तिघींची. जिथं फळ मिळतं तीच जागा बाईच्या ध्यानात राहते. वांझ वेली कुठं आहेत ते कोणी लक्षात ठेवलं नव्हतं, म्हणून त्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्या.

“खड्डे बुजवा तरी,” उज्वला म्हणाली.

“पाऊस बुजवील,” सोमनाथ म्हणाला आणि पोतं खांद्यावर घेतलं.

भातखाचरांच्या वरच्या मुरमाड पट्टीत त्यानं खांब रोवले, तारा ओढल्या, कंद लावले. मृगानंतर कोंब आले. आषाढात वेली तारेला लागल्या आणि सोमनाथ सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागला. कळ्या दिसू लागल्या तशी यशोदाबाई काठी घेऊन रांगेत बसत-सरकत फिरली. नजर तिची अजून चोख होती.

“ही बघ. फुलामागं गाठ नाय, नुसतं हिरवं टोपडं. वांझ हाय. उपट.”

चुकून कुठं-कुठं वांझ कंदही आले होते. उज्वला म्हणाली, “राहू द्या की आत्याबाई, वेल जोमदार हाय.”

“जोमदार काय करायचीय? जागा आडवणार, खत खाणार, आन पदरात काय टाकणार? फुलं.”

सोमनाथला हे फारच पटलं. कंत्राटाच्या कामावर त्यानं अशी माणसं पुष्कळ पाहिली होती. त्यानं एकूण एक वांझ वेल कंदासकट उपटली. यशोदाबाईनं त्या कंदांचे काप केले आणि औषधाला सुपात वाळत घातले. बाग कशी एकसारखी, कामाची तेवढी राहिली.

त्याच आठवड्यात बायका वेलींना कळ्या लागल्या का ते बघायला गायदऱ्यात चढल्या आणि जाळ्यांखालचे खड्डे बघून उतरल्या. सिंधुबाई सरळ बागेच्या कुडाशी येऊन उभी राहिली. अंगावर प्लास्टिकचा घोंगता, त्याच्यावरून पाणी ओघळत होतं.

“उज्वले, बाग लय छान आलीय गं.”

उज्वला वेल बांधत होती. तिनं सुतळीला आणखी एक गाठ मारली.

“माझ्या जाळीतली कंची ती दाखव ना. नाय, म्हणलं वळख तरी ठेवावी.”

सोमनाथ पुढं आला. “काकी, डोंगर काय कोणाच्या बापाचा हाय का?”

“बापाचा नाय रं बाबा,” सिंधुबाई म्हणाली. “बापाचा असता तर कवाच इकून खाल्ला असता. बायांचा व्हता म्हणून राहिला.”

ती घोंगता सावरत निघून गेली. तिनं शिवी दिली असती तर उत्तर देता आलं असतं.

चार दिवसांनी उज्वलाच्या घरच्या भाताची आवणी, म्हणजे लावणी, होती. गावात आवणी सावडीनं होते. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. उज्वला सगळ्यांच्या चिखलात राबून आली होती, आता तिची पाळी. पहाटेच रोप उपटून मुठी बांधून ठेवल्या. बारा-पंधरा बायकांच्या भाकरी केल्या, पिठलं केलं. कोणी आलं नाही. समोरच्या सुमनबाईच्या खाचरात घोंगत्यांची ओळ वाकलेली दिसत होती, बोलणं ऐकू येत होतं. सुमनबाईची आवणी तर परवा होती. सगळ्यांनी मिळून ती आज धरली होती.

मुठी तशाच ठेवल्या तर पिवळ्या पडतात. घरची तिघंच उतरली. सोमनाथचा हात भाताला बारा वर्षांत लागला नव्हता. त्याची रोपं उपटून पाण्यावर तरंगायची आणि उज्वला मागं जाऊन ती पुन्हा रोवायची. यशोदाबाईला वाकता येईना, तेव्हा ती चिखलात बसली आणि बसूनच लावत सरकू लागली. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तिला दोघांनी काखेत हात घालून बाहेर काढलं. तिचे पाय सरळ होईनात. भाकरी ढोरांना घातल्या.

आणि बागेत फळ धरेना. दिवेलागणीला फुलं उमलायची, सगळ्या पट्टीला गोड वास सुटायचा, फुलामागं काटेरी इवली गाठ असायची. दोन दिवसांत ती पिवळी पडून गळायची. सोमनाथनं खत घातलं, औषध मारलं, नारळ फोडला. शेवटी वणीला यादवला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, उज्वलाला सगळं ऐकू येत होतं.

“नर किती ठेवलेत?” यादवनं विचारलं.

“कसले नर?”

“अहो सोमनाथराव, करटुलीत नर-मादी वेगळ्या वेली असतात. दहा मादींमागे एक तरी नर लागतो. फुलामागे गाठ नसते ना, तो नर. त्याच्या परागाशिवाय मादीला फळ कसं धरणार? तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?”

सोमनाथनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वांझ,” तो म्हणाला.

यशोदाबाईनं सुपातले काप पाहिले. वाळून ते खारकेएवढे झाले होते. तिनं सूप उचलून फळीवर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

उज्वला वर गायदऱ्याकडं बघत होती. तिथं नुसते नर उरले होते, इथं नुसत्या माद्या. नवरे एकीकडं आणि बायका दुसरीकडं, हा प्रकार तिला काही नवा नव्हता.

“वरून नराची फुलं आणायची आन हातानं लावायची,” सोमनाथ म्हणाला. “यादव म्हणतो धरतं तसं. पण जाळ्या त्यांच्या. मी गेलो तर भांडण व्हईल. तू जा. बायांत बाई.”

सिंधुबाई ओट्यावर गोधडीला टाके घालत होती. तिला मूल झालं नव्हतं. ‘वांझ’ हा शब्द गावानं तिच्यासमोर कधी जपून वापरला नव्हता. उज्वलानं खाली मान घालून सगळं सांगितलं. सिंधुबाईची सुई थांबली.

“थांब थांब. म्हणजे नाव दिलं बाईला, आन निघाला बाप्या?”

“हां काकी.”

सिंधुबाई हसायला लागली. हसता-हसता तिनं पदर तोंडात कोंबला, डोळे पुसले, पुन्हा हसली. “आता मेले तरी चालंल,” ती म्हणाली. मग तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली. “कळ्या ने. माझ्या जाळीत शीर, सुमनच्या शीर, मी सांगते तिला. पण कातिकात वेल वाळली की कंद माघारी. जिथून काढले तिथं. हे तू बोल. सोमनाथचं बोलणं मला नको. खणलं त्यानं, पण दाखवलं तू.”

मी नाय दाखवलं, असं उज्वलाच्या जिभेवर आलं. ते तसं खरंही होतं.

“आणीन माघारी,” ती म्हणाली.

मग रोज दुपार कलली की ती डोंगर चढायची. पाऊस असो नसो. आज संध्याकाळी फुटतील अशाच कळ्या शोधायच्या, करवंदीतून हात सोलवटत काढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून उतरायचं. खाली पोचेतो फडक्यात फुलं उमललेली असत. पाकळ्या काढून टाकायच्या, आतला पिवळा भाग मादीच्या फुलाला हलकेच टेकवायचा, पुढच्या वेलीकडं जायचं. अंधार पडेतो. घरात शिरली की अंगाला फुलांचा वास आणि ओरखड्यांना आग. चौथ्या दिवशी पहिली गाठ हिरवी राहिली. आठवड्यानं तिला काटे फुटले.

श्रावण सरता-सरता बाग लोंबायला लागली. सोमनाथ करटुली भरून घोटीला जाऊ लागला, इस्त्रीचा शर्ट घालून. पुंजातात्या टपरीवरून म्हणाला, “काय शेठ, बसा की घटकाभर.” सोमनाथ बसला. चांगला तासभर बसला. घरी येऊन ते वाक्य त्यानं दोनदा सांगितलं.

“दोन-चार पिकू द्या,” उज्वला म्हणाली. “बी व्हईल. बियांवर रोपं करता येतील, मंग—”

“पिकल्याला बाजारात कोण इचारतं?” त्यानं होतं नव्हतं तेवढं हिरवंच तोडलं. भादव्यात पाऊस असा लागला की पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी साचलं. तिथल्या वेली उभ्या-उभ्या पिवळ्या पडल्या. खणून पाहिलं तर कंद बोटानं दबत होते.

कार्तिकात वेली वाळल्या. उज्वलानं शब्द दिल्याचं सांगितलं तेव्हा तो दात घासत होता, ऊन चांगलं वर आलेलं.

“कोणाला इचारून बोललीस?”

“तुम्ही खणताना कोणाला इचारलं व्हतं?”

त्यानं चूळ भरून टाकली. “बाग मोडायची म्हणजे मी माघारी जायचं. कळतंय का तुला?”

कळत होतं. गेले आठ महिने ती ताटावर समोर माणूस असताना जेवली होती. तिनं पडवीतून पहार काढली आणि ती पट्टीत गेली. सोमनाथ ओट्यावर पाठ करून बसला. थोड्या वेळानं यशोदाबाई काठी टेकत, बसत-उठत आली आणि खुरप्यानं माती उकरायला लागली.

“हितं मार. हलक्या हातानं. मोठा हाय हितला.”

दोघींनी दुपारपर्यंत एक रांग काढली. मग मागून सोमनाथचा हात आला आणि त्यानं पहार काढून घेतली. “कंद कापशील,” एवढंच म्हणाला. संध्याकाळी टपरीवर त्यानं सांगितलं की बायकांची तोंडं बघून आपणच कंद देऊन टाकले. लोकांनी ते मान्यही केलं.

नेलं होतं तेवढं परत येणार नव्हतं; सडलं ते सडलं. डोंगरावर बायका जमल्या. उज्वला प्रत्येकीच्या खड्ड्यात कंद ठेवत गेली. सिंधुबाईची जाळी, सुमनबाईची, पुढच्या दोघी-तिघींची. सगळ्यात शेवटी तिची स्वतःची. तिथं सिंधुबाईनं पोतं उलटं करून झटकलं. माती पडली.

सिंधुबाईनं आपल्या भरलेल्या खड्ड्याकडं पाहिलं आणि मग उज्वलाकडं. उज्वलानं नको म्हणून मान हलवली, आणि पोत्याची घडी घातली.

पुढच्या आषाढात सावडीला बायका आल्या. भाकरी संपल्या, पिठलं कमी पडलं. यशोदाबाई ओट्यावरून बघत होती. त्या तीन दिवसांत तिचे पाय चिखलात राहिले ते राहिले. सोमनाथ एकलहऱ्याला होता. खोली नवी, माणसं नवी, तांब्याला दोरा तोच. एका पावसाळ्याची सकाळची झोप त्याला मिळाली होती, ती कोणाला परत करावी लागली नाही. शनिवारी पुंजातात्या टपरीवरून विचारायचा, “आले का पाहुणे?”

श्रावणात बायका गायदऱ्यात चढल्या. हलवलेले कंद पहिल्या वर्षी हात आखडूनच देतात, आणि गेल्या वर्षी पिकलेलं फळ न मिळाल्यानं पाखरांनी कुठं नवं बीही टाकलं नव्हतं. तरी जिच्या तिच्या जाळीत थोडं-थोडं लागलं होतं. उज्वलाच्या जाळीत एकच वेल होती, नराची. करवंदीच्या डोक्यावरून ती भरभरून फुलली होती.

“उज्वले,” सिंधुबाई पलीकडून ओरडली, “तुझ्यातल्या बाप्याला जप गं बाई. त्याच्या जिवावर आमच्यात गाठी धरत्यात.”

सगळ्या हसल्या. उज्वलाही हसली. आत्याबाईंच्या औषधाच्या सुपात टाकायला तरी त्या वेलीचा कंद न्यावा असं तिच्या मनात आलं, पण तिनं हात लावला नाही.

उतरताना बाकीच्यांच्या पाट्या अर्ध्या-मुर्ध्या भरलेल्या होत्या आणि त्यांनी त्या कंबरेवर घेतल्या. उज्वलानं आपली पाटी डोक्यावर ठेवली. कंबरेवर घेतली की आत काही नाही ते लोकांना दिसतं.